रूट भरलंय? थांबा, आधी सातबारा बघू

नमस्कार मंडळी. हा लॅपटॉप 2012 चा आहे. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, आणि बॅटरी म्हणाल तर ती नावालाच उरलीय. यावर विंडोज 10 आणि लिनक्स मिंट अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिमचा संसार आहे. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, तेव्हापासून रोजचं सगळं मिंटवर. विंडोज ठेवलंय ते मराठी टायपिंगच्या श्रीलिपी आणि पानं लावायच्या पेजमेकरच्या जुन्या फायलींसाठी. ते एक काही सुटत नाही.

परवा मिंट सुरू केलं, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच विचारायला लागला. चार वेळा तेच. पासवर्ड बरोबर होता, पण रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कच्या ज्या हिश्शावर मिंट बसलंय तो, काठोकाठ भरलं होतं आणि लॉगिनच्या वेळी ज्या बारीकसारीक फायली लिहाव्या लागतात त्यांनाही जागा नव्हती.

अशा वेळी आपण पहिलं काय करतो? जीपार्टेड, म्हणजे पार्टिशन लहान-मोठं करायचं सॉफ्टवेअर, उघडतो आणि पार्टिशन ओढायला लागतो. ते आत्ता नको. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ टू दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि जागा कोणी खाल्ली ते बघा. मिंटवर माझा पहिला संशय टाइमशिफ्टवर. सिस्टिमच्या बॅकअप प्रती तो वेगळं सांगितलं नाही तर रूटवरच साठवतो. माझ्याकडे बावीस जीबीच्या रूटमध्ये नऊ जीबी त्याचेच होते. जुन्या प्रती काढल्या, ऑटोरिमूव्ह कमांडने जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, काढले, आणि लॉगिन झालं. तुमचं काम इथेच भागलं तर व्हिडिओ बंद करून खुशाल चहा घ्या.

माझं भागलं नाही, कारण बावीस जीबी मुळातच कमी होते. म्हणून आता डिस्ककडे वळू.

(स्क्रीनवर जीपार्टेडची पट्टी)

ही पट्टी म्हणजे जमीन, आणि पार्टिशन टेबल म्हणजे तिचा सातबारा. जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मशीनवर हा सातबारा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, तो 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट बूटच्या कोडला, शेवटचे 2 सहीला, आणि मधले 64 नोंदींना. एक नोंद 16 बाइटची, म्हणजे नोंदी चारच. पाचवी लिहायला कागदावर जागाच नाही. याला एमबीआर म्हणतात आणि ही पद्धत 1983 पासूनची आहे.

तुमचं मशीन यातलं आहे का, हे विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या बायॉस मोडवरून कळतं. तिथे लेगसी असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. यूईएफआय, म्हणजे बायॉसची नवी पिढी, असेल तर बहुतेक जीपीटी हा नव्या पद्धतीचा सातबारा असणार. तिथे विंडोज 128 नोंदी देतं, त्यामुळे ही चारची भानगड नाही.

आता माझ्या चार नोंदी बघा. पहिली सिस्टिम रिझर्व्ह्ड, 100 एमबी. दुसरी सी, 195 जीबी. तिसरी कंपनीची रिकव्हरी, 15 जीबी. तीन तर आल्या आल्याच गेल्या. चौथी एक्सटेंडेड, म्हणजे एकच मोठा गट आणि त्यात पोटहिस्से: 229 जीबीचं डी, 22 चं मिंटचं रूट, 4 चं स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. बेरीज 465 च्या आसपास येते. पाचशेतले पस्तीस कुठे गेले असं विचारू नका. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज 1024 ने, चोरी कोणीच केलेली नाही.

पोटहिस्स्यांचे नंबर लिनक्समध्ये पाचपासून सुरू होतात. एसडीए हे लिनक्समधलं पहिल्या डिस्कचं नाव, म्हणून डी म्हणजे एसडीए पाच, रूट सहा, स्वॅप सात. हे नंबर ध्यानात ठेवा, कारण माझी फजिती इथेच झाली होती.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका लॅपटॉपवर, मला वाटलं डी रिकामंच आहे, उडवून टाकू. विंडोजमधून डिलीट केलं आणि रीस्टार्ट केलं. काळा पडदा, त्यावर ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे सुरुवातीला मिंट की विंडोज ते विचारणारा प्रोग्रॅम), आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मिंट नाही, विंडोजही नाही. झालं असं, की पाच नंबरचा पोटहिस्सा गेल्यावर सहाचा पाच झाला, आणि ग्रबच्या डोक्यात पत्ता सहाचाच होता. पोस्टमन जुन्या घरी जाऊन उभा! माल जागेवरच होता. एलएस लिहून पार्टिशनं बघितली, प्रिफिक्स आणि रूट, म्हणजे ग्रबला लागणारे पत्ते, दोन्ही पाच नंबरवर सेट केले, इन्समॉड नॉर्मल, मग नॉर्मल, आणि मेनू आला. (कमांड स्क्रीनवर) आत शिरल्यावर ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायचं, नाहीतर पुढच्या वेळी हाच खेळ. चार ओळींचं काम, पण त्या चार ओळी शोधायला मला फोनवर अख्खी रात्र लागली.

बरं. डीमध्ये भरपूर जागा मोकळी आहे, ती मिंटला द्यायची आहे. त्याआधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर. आणि मिंटच्या डिस्क्स अ‍ॅपमध्ये डिस्कची तब्येत बघा. तिथे रीअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या कप्प्यांचा, आकडा वाढत असेल तर पार्टिशनला हातही लावू नका, नवीन एसएसडी घ्या.

डी हे विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन, ते लहान करायचं ते विंडोजमधूनच. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्या अवस्थेत त्याच्या पार्टिशनला बाहेरून हात लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाचं अंथरूण ओढणं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीवर राइट क्लिक, श्रिंक, आकडा एमबीमध्ये. मला 60 जीबी हवेत, म्हणून 61440. सीवर हा प्रयोग केलात तर बरीच जागा रिकामी असूनही थोडीच सोडायला तयार होतं. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल मध्येच ठाण मांडून बसतात आणि हलत नाहीत.

हिरवा तुकडा दिसला? पोटहिस्स्यांच्या गटातली ही मोकळी जागा. विंडोजमध्ये इथेच थांबायचं. आणि चार नोंदी भरलेल्या असताना विंडोज कधी डायनॅमिक डिस्क करू का असं विचारेल, तर कॅन्सल. हो म्हणालात तर साधा सातबारा जाऊन विंडोजचं स्वतःचं दप्तर सुरू होतं, आणि त्या डिस्कवर लिनक्सचं जगणं अवघड.

आता लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट. हे बघा: डी, मग 60 जीबी मोकळे, मग रूट, मग स्वॅप. मोकळी जागा रूटच्या डावीकडे आहे. हात शिवशिवतात, रूटची डावी कड धरून ओढावी. जीपार्टेड ओढू देतं, फक्त सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे असं आधी बजावतं. उजवी कड वाढवणं म्हणजे बांध सरकवणं, मिनिटाचं काम. डावी कड हलवली की पार्टिशनची सुरुवातच बदलते, आणि आतला सगळा माल उचलून पुढे मांडावा लागतो. जुन्या डिस्कवर हे काम तासभर तरी चालतं, आणि मध्येच लाइट गेली तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. माझ्या बॅटरीवर माझा तेवढा विश्वास नाही. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, त्यामुळे हा व्हिडिओसुद्धा शुक्रवारी काढलाय.

म्हणून रूट जागेवरच ठेवतो. मोकळ्या 60 जीबीत नवीन ईएक्सटी फोर (लिनक्सच्या पद्धतीचं) पार्टिशन करतो आणि त्यात होम, म्हणजे माझ्या फायलींचं फोल्डर, नेतो. फोटो, डाउनलोड, फायरफॉक्सचा पसारा, सगळं होममध्येच असतं. उजवीकडचं 4 जीबीचं स्वॅप ऑफ करून डिलीट, आणि रूटची उजवी कड तिथपर्यंत. बावीसचे सव्वीस. स्वॅपसाठी नंतर नवीन होममध्ये 4 जीबीची फाइल करायची, मिंट ज्यावर उभं आहे ते उबुंटूही 17.04 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये फाइलच वापरतं. पाच आणि सहा नंबर जागच्या जागी आहेत, म्हणजे ग्रबची तक्रार नाही. जीपार्टेडमधला टिकमार्क दाबेपर्यंत यातलं काहीच घडलेलं नसतं, तेव्हा खालची यादी एकदा मोठ्याने वाचा. मी वाचतो.

होमच्या फायली आरसिंक कमांडने कॉपी केल्या, परवानग्यांसकट. जुन्या होम फोल्डरचं नाव बदलून ठेवलं आणि रिकामं होम फोल्डर केलं. जुनं आठवड्याने काढेन. मग रूटमधल्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) नवीन होमची ओळ, नंबर न लिहिता यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहून.

रीस्टार्ट. मिंटचा लोगो... आणि अडकलं. एस्केप दाबतो. हे बघा, कुठल्यातरी यूयूआयडीची वाट बघतंय, एक मिनिट तीस सेकंद. तो यूयूआयडी मघाशी उडवलेल्या स्वॅपचा आहे. एफएसटॅबमधली त्याची ओळ काढायची विसरलो. नव्वद सेकंद थांबतो, आत येतो, त्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकतो. जुन्या स्वॅपचा यूयूआयडी रिझ्यूम नावाच्या फाइलमध्येही असू शकतो, तिथूनही काढतो आणि सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल अपडेट करतो. (दोन्ही फायलींचे पत्ते स्क्रीनवर)

पुन्हा रीस्टार्ट. या वेळी सरळ लॉगिन. मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवून बघू: जुनं होम अजून तिथेच आहे तरी रूटवर साडेसात जीबी मोकळे, होमवर पन्नासच्या वर. आणि विंडोज? ग्रबमधून निवडतो... आलं. श्रीलिपीही उघडलं, नेहमीसारखंच सावकाश.