नळीच्या आतली निगा
(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: अजिंक्यताऱ्यावर उतरलेले ढग, शिबिराच्या व्हरांड्यात मांडलेली टेबले]

साताऱ्यात पावसाळा सुरू झाला की उघड्या पोलादाला गंज चढायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे एन.सी.सी.च्या शिबिरात गोळीबाराचा सराव संपला तरी दिवस संपत नाही. कोताच्या, म्हणजे शस्त्रे ठेवायच्या खोलीच्या, आत कॅमेरा नेता येत नाही. म्हणून रायफलींची ही साफसफाई आपण व्हरांड्यातच पाहणार आहोत.

[दृश्य: अपशिंगे गावातील स्मारक]

हे सातारा तालुक्यातले अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. त्या पिढीच्या खांद्यावर जी ली-एनफिल्ड रायफल होती, तिच्याच घराण्यातली थ्री नॉट थ्री आज निवृत्त सुभेदार साहेबांनी मुद्दाम टेबलावर ठेवली आहे. साफसफाई शिकायची तर ती हिच्यावरच, असा त्यांचा आग्रह आहे, आणि पुढची दृश्ये पाहिल्यावर तो पटतो.

[दृश्य: बोल्ट काढताना हात]

सर्वांत आधी सगळा दारूगोळा टेबलापासून दूर नेला जातो. नंतर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीची मागची जागा, रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही केली जाते. बोल्ट पूर्ण मागे आल्यावर त्याचे डोके वर उचलले की तो बाहेर निघतो. बोल्टच्या मुठीवर आणि रायफलीवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एकीचा बोल्ट दुसरीत घालायचा नाही, हे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, कॅडेटांकडून मोठ्याने म्हणवून घेतात. दस्त्याच्या मागील पितळी झडपेआड पुल-थ्रू, म्हणजे नळी पुसायची वजन लावलेली दोरी, आणि तेलाची छोटी पितळी बाटली बसते. ज्यांनी ही रायफल घडवली त्यांनी निगेचे सामान तिच्या पोटातच ठेवले, हे आजच्या मुलांनी जरूर पाहावे.

[दृश्य: पुल-थ्रूची दोरी नळीतून जाताना, जवळून]

पुल-थ्रूचे वजन चेंबरच्या बाजूने आत सोडतात आणि दुसऱ्या फासात चिंधी अडकवून दोरी नळीच्या तोंडाकडून एका दमात, मध्ये न थांबता ओढतात. दोरी सरळ रेषेत राहायला हवी, कारण ती रोज तिरकी घासली गेली तर नळीच्या तोंडाशीच चर पडतो, आणि गोळी बाहेर पडताना ज्या कडेचा तिला शेवटचा स्पर्श होतो तीच कड बिघडते. म्हणूनच एक कॅडेट रायफल धरते आणि दुसरी दोरी ओढते. एकटीने घाईघाईत उरकायचे हे काम नाही.

[दृश्य: किटलीतून उकळते पाणी, नरसाळे, वाफ]

जुन्या थ्री नॉट थ्री काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो आणि हवेतला ओलावा शोषून घेऊन पोलाद खाऊ लागतो. हा क्षार तेलात विरघळत नाही. वर कितीही तेल चोपडले तरी खाली गंजाचे काम चालूच राहते. तो विरघळतो पाण्यात. म्हणून चेंबरमध्ये नरसाळे बसवून, नळीचे तोंड खाली करून उकळते पाणी ओतले जाते. पाणी उकळते असण्याचा आणखी एक फायदा असा की नळी तापते आणि आत राहिलेला ओलावा बराचसा वाफ होऊन जातो. त्यानंतर चिंधी स्वच्छ आणि कोरडी निघेपर्यंत कोरड्या चिंध्या ओढल्या जातात, आणि मगच तेलाच्या चिंधीची पाळी येते.

[दृश्य: चेंबरशी धरलेला पांढरा कागद, नळीच्या आतील खाचा]

चेंबरशी धरलेल्या पांढऱ्या कागदावरून परतलेल्या उजेडात नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या या ५ खाचा डावीकडे वळत गेलेल्या दिसतात. त्यांच्या कडा आरशासारख्या चमकल्या पाहिजेत. लाकडी भागाला जवसाचे तेल हातानेच चोळून मुरवतात. कॅडेट ज्या पॉइंट टू टू रायफलीने सराव करतात, तिच्या आताच्या काडतुसांत हा क्षार नसतो. तिथे प्रश्न मुख्यतः शिशाचा आणि मेणचट थराचा असतो.

नळीत एकदा खड्डे पडले की ते बुजवता येत नाहीत. नेम बिघडतो आणि नळी बदलावी लागते.

[दृश्य: कोतासमोर क्रमांक तपासून होणारी जमा]

क्रमांक जुळले, सह्या झाल्या, रायफली आत गेल्या. शिबिराच्या वेळापत्रकात गोळीबाराला अख्खी सकाळ मिळते आणि या कामाला चहाआधीचा उरलेला वेळ. सुभेदार साहेब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक रायफल पुन्हा बाहेर काढायला लावतात. पहिली चिंधी तांबूस निघाली तर सगळी प्रक्रिया पाण्यापासून पुन्हा होते. स्वच्छ निघाली तर फक्त ताजे तेल लागते, आणि तेही पुढच्या गोळीबाराआधी पुसून नळी कोरडी करावी लागते.