किरुनाचा उन्हाळा

(दृश्य : उतारावरची वस्ती, पलीकडे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला खाणीचा डोंगर. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ : रात्रीचा १.२०.)

रात्रीचा दीड वाजत आला आहे आणि स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील किरुना या गावात ऊन पडले आहे. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या या गावात मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. तो उत्तरेच्या क्षितिजापर्यंत उतरतो आणि तेथूनच पुन्हा वर चढू लागतो. खिडक्यांवर जाड पडदे ओढून लोक झोपले आहेत. थोड्याच वेळात गावाच्या पश्चिमेकडील लोहखनिजाच्या खाणीत, जमिनीखाली हजार मीटरहून अधिक खोलीवर, सुरुंग उडवले जातील आणि काही घरांतील जमीन किंचित थरथरेल. सुरुंगाची वेळ रात्रीची ठरलेली आहे आणि बहुतेकांना त्या हादऱ्याची सवय झालेली आहे.

किरुना हे गाव खाणीसाठीच वसले, आणि आता त्याच खाणीमुळे ते पूर्वेला हलवले जात आहे. एलकेएबी ही खाणकंपनी १८९० मध्ये स्थापन झाली, गाव १९०० मध्ये उभे राहू लागले आणि १९०३ मध्ये नॉर्वेतील नार्विक या बारमाही खुल्या बंदरापर्यंत रेल्वे सुरू झाली. कंपनीचे पहिले व्यवस्थापक याल्मार लुंडबोम हे भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि खाणकामगारांची वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोपट्यांची रांग असू नये, असा त्यांचा आग्रह होता. पेर उलोफ हाल्मान यांनी आखलेल्या गावात रस्ते मुद्दाम वाकडेतिकडे ठेवले गेले, कारण सरळ रस्त्यावरून सुटणारा ध्रुवीय वारा माणसाला उभे राहू देत नाही. वस्तीसाठी उतार निवडला, कारण थंड हवा जड असते आणि ती खालच्या खोलगट भागात जाऊन साचते. हा तपशील ध्यानात ठेवावा लागेल, कारण नव्या गावाबद्दलची निम्मी तक्रार याच मुद्द्याशी येऊन थांबते.

आता प्रश्न असा की, इतके विचारपूर्वक वसवलेले गाव हलवण्याची वेळ का आली. उत्तर खनिजाच्या आकारात आहे. किरुनावारा डोंगराखालील खनिजाचा थर सुमारे चार किलोमीटर लांब असून तो सरळ खाली न जाता सुमारे साठ अंशांच्या कोनात गावाच्या दिशेने तिरका उतरतो. खाणकामाची पद्धत अशी की खनिज सुरुंगाने फोडून खालून काढून घ्यायचे आणि वरचा खडक मागोमाग कोसळू द्यायचा. त्यामुळे खाण जितकी खोल जाते तितकी पृष्ठभागावरची भेगांची रेषा गावाकडे सरकते. एलकेएबीच्या सर्व खाणी मिळून युरोपीय संघातील लोहखनिजाच्या उत्पादनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग पुरवतात, आणि खाण बंद झाली तर किरुनाला दुसरा तेवढा मोठा आधार नाही. २००४ मध्ये कंपनीने नगरपालिकेला कळवले की गावाचा मध्यभाग हलवावा लागेल. त्यावर वाद झाले ते कुठे आणि कसे हलवायचे यावर. हलवायचेच की नाही, यावर फारसे कोणी भांडले नाही.

(दृश्य : तलावाकाठची लाकडी झोपडी, वल्ह्याची होडी, डासांची जाळी.)

उन्हाळ्याकडे येथील लोक हक्काच्या गोष्टीकडे पाहावे तसे पाहतात, आणि कायद्यानेही तो काही अंशी हक्कच आहे : स्वीडनमध्ये प्रत्येक नोकरदाराला जून ते ऑगस्ट या काळात सलग चार आठवडे रजा मागता येते. डिसेंबरात सुमारे तीन आठवडे सूर्याचे दर्शन न होणाऱ्या गावात या चार आठवड्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जूनच्या मध्यास बर्च झाडांना जेमतेम पालवी फुटलेली असते आणि त्याच इवल्याशा पानांनी मध्यग्रीष्माच्या सणाचा खांब सजवला जातो. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी देशभर हा सण साजरा होतो. मुरवलेली हेरिंग मासळी, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी हे त्याचे ठरलेले जेवण. येथे मात्र बटाटे आणि स्ट्रॉबेरी दक्षिणेकडून येतात आणि सणाच्या दिवशी स्वेटर अंगावर ठेवावा लागला, तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

सण आटोपला की गाव रिकामे होऊ लागते. अनेक कुटुंबांची तलावाकाठी किंवा नदीकाठी लाकडी झोपडी असते. तिच्याकडे जाणे हीच उन्हाळ्याची सहल. कोणी टोर्ने नदीवर गळ टाकून बसतो, कोणी छपराची दुरुस्ती काढतो, आणि डास सर्वांनाच समान न्यायाने चावतात. जुलैच्या अखेरीस दलदलीच्या जमिनीवर केशरी रंगाची क्लाउडबेरी पिकते. स्वीडनमध्ये रानातली फळे वेचण्याचा अधिकार सर्वांना आहे, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. तरीही चांगली दलदल कुठे आहे हे शेजाऱ्याला सहसा सांगितले जात नाही. पश्चिमेला केब्नेकाइसे शिखराकडे आणि आबिस्कोकडे जाणारे गिर्यारोहक गावात एखादी रात्र काढतात, पाठीवरच्या पिशव्या भरून घेतात आणि निघून जातात. उमेओ, लुलेओ किंवा स्टॉकहोमला शिकायला गेलेली मुले मात्र याच दिवसांत परत येतात, कारण कायम कामगार रजेवर गेले की खाणीत आणि रुग्णालयात बदली माणसे लागतात. १९७० च्या दशकात किरुना नगरपालिकेची लोकसंख्या तीस हजारांच्या वर होती, आज ती सुमारे बावीस हजार आहे. उन्हाळ्यात परतलेल्या या मुलांपैकी कोण कायमचे राहते, याकडे म्हणूनच सर्वांचे लक्ष असते.

याच उन्हाळ्यावर दुसरा दावा गाव हलवणाऱ्यांचा आहे. पाया खणायचा, नळ टाकायचे, रस्ता बांधायचा तर गोठलेली जमीन सुटावी लागते, आणि ती सुटते तेव्हाच लोक झोपडीवर गेलेले असतात. चार आठवड्यांनी परत आलेल्या माणसाला ओळखीच्या रस्त्यावर कुंपण आणि पलीकडे मोकळी जागा दिसते, असे किरुनाच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षे घडत आले आहे. पाडलेल्या वस्तीच्या जागी काही काळ उद्यान केले जाते. बाके, झाडे, मुलांसाठी खेळ असे सर्व काही त्यात असते. भेगांची रेषा जवळ आली की त्या उद्यानालाही कुंपण घातले जाते आणि पुढचे उद्यान आणखी पूर्वेला सरकते. ही कल्पना ज्यांनी काढली त्यांना गावाच्या मनःस्थितीची जाण होती, असे म्हटले पाहिजे. घरे पाडल्यावर लगेच कुंपण दिसण्यापेक्षा मध्ये काही वर्षे हिरवळ दिसलेली बरी.

(दृश्य : काचेचे गोलाकार नगरभवन, शेजारी लोखंडी घड्याळमनोरा.)

नवे केंद्र जुन्या गावापासून सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला आहे. २०१८ मध्ये तेथे क्रिस्टालेन नावाचे गोल नगरभवन उघडले आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी दुकाने, उपाहारगृहे व चौक यांसह केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. १९६३ च्या जुन्या नगरभवनावरचा लोखंडी घड्याळमनोरा उतरवून नव्या इमारतीशेजारी उभा केला गेला, मात्र जुने नगरभवन पाडले गेले. लुंडबोम यांचे लाकडी घर २०१७ मध्ये उचलून लुओसावारा डोंगराच्या पायथ्याशी नेले. कामगारांची काही जुनी घरे, ज्यांना त्यांच्या आकारामुळे लोक शाईच्या दौती म्हणतात, तीही तेथेच नेली. बाकी हजारो घरांच्या वाट्याला एवढे भाग्य आले नाही.

पहिल्या टप्प्यातील प्रकल्पग्रस्तांची संख्या सुमारे सहा हजार आहे, म्हणजे गावातील अंदाजे एकतृतीयांश माणसे. स्वतःचे घर असणाऱ्यांना कंपनीने दोन पर्याय दिले : घराची बाजारभावाने किंमत आणि वर पंचवीस टक्के, किंवा त्याच्या बदल्यात नवे घर. प्रकल्पग्रस्तांना जगभर जे मिळते त्याच्याशी तुलना केली तर हा करार उदार आहे. भाडेकरूंची गोष्ट वेगळी आहे. जुन्या इमारतीतील स्वस्त सदनिका सोडून नव्या इमारतीत गेल्यावर भाडे वाढते. ही वाढ टप्प्याटप्प्याने लागू करण्याची सोय असली तरी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला शेवटचा टप्पा दिसत असतोच.

आणि ज्याची भरपाई कोणत्याही करारात बसत नाही ते म्हणजे हवा. गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की नवे केंद्र थंड हवा साचणाऱ्या खोलगट भागात आहे आणि हिवाळ्यात तेथील तापमान जुन्या गावापेक्षा दहा अंशांपर्यंत खाली असू शकते. रस्ते सरळ आहेत, इमारती उंच आहेत, त्यामुळे सूर्य क्षितिजालगत असतो त्या महिन्यांत चौकात सावली पडून राहते आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही. जूनच्या रात्री याच चौकात बसून कॉफी पिताना ही तक्रार अतिशयोक्तीची वाटेल. उन्हाळ्यात पाहायला येणाऱ्या पाहुण्याला हे गाव थोडेसे फसवते. एकशेवीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यात वारा आणि उतार यांचा जो विचार झाला होता, तो आज अधिक साधने हाती असताना का झाला नाही, हे विचारण्याचा रहिवाशांना पूर्ण अधिकार आहे.

(दृश्य : खोगीरपाठीच्या डोंगरावरील कुंपण, फिरणारे रेनडियर, दोर फेकणारी मुले.)

किरुनाचा उन्हाळा पाहताना गावाच्या वेशीवर थांबून चालत नाही. खाण येण्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी येथील मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडियर कळपांची आहे. उन्हाळ्यात कळप पश्चिमेकडील उंच डोंगरांवर चरतात आणि हिवाळ्यात पूर्वेकडील जंगलांत उतरतात. जून-जुलैतील उजळ रात्री पिल्लांच्या कानांवर मालकाची खूण कापण्याचे काम चालते. रात्र निवडायची ती गारव्यासाठी, कारण दिवसाच्या उष्म्यात धाववलेली जनावरे दमतात. कुंपणात पिल्लू आपल्या आईमागे धावते आणि आईच्या कानावरील खूण पाहून पिल्लू कोणाचे ते ठरते. शाळेची मुलेही या रात्री जागतात आणि दोर फेकायला शिकतात.

गाबना आणि लाएवास या दोन सामी समूहांच्या कळपांचे मार्ग किरुनाच्या दोन बाजूंनी जातात. खाण, रेल्वे, महामार्ग आणि आता पूर्वेकडे पसरणारे नवे गाव यांमुळे हे मार्ग अरुंद होत गेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये एलकेएबीने जाहीर केले की गावाच्या उत्तरेकडील पेर गेयर या साठ्यात दुर्मीळ मृदा धातूंची दहा लाख टनांहून अधिक ऑक्साइडे आहेत. विद्युत मोटारी आणि पवनचक्क्यांसाठी युरोपला हे धातू हवे आहेत. गाबनाच्या लोकांना भीती आहे ती उरलेला एकमेव मार्गही तेथे तुटेल याची. घरमालकाला बाजारभावावर पंचवीस टक्के देता येतात, पण कळपाच्या वाटेला बाजारभाव नसतो. माझ्या मते किरुनाच्या स्थलांतराच्या हिशेबातील सर्वांत कच्ची नोंद हीच आहे, आणि जगभरच्या वार्ताहरांनी केलेल्या चित्रणात ती सर्वांत कमी वेळ दिसते.

वार्ताहर आले ते चर्च पाहायला. गुस्ताफ विकमान यांनी रचलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले हे लाल लाकडी चर्च सामी लोकांच्या झोपडीची आठवण करून देणारे आहे; आतील वेदीचे चित्र राजपुत्र युजेन यांनी रंगवले आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ६७२ टन वजनाची ही इमारत, भिंतीची एक फळीही न सोडवता, चाकांच्या दोन लांब रांगांवर चढवून हलवण्यास सुरुवात झाली. चाळीस मीटर रुंदीच्या चर्चसाठी नऊ मीटरचा रस्ता चोवीस मीटर रुंद करावा लागला होता. ताशी अर्धा ते दीड किलोमीटर वेगाने पाच किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत पार झाले. राजा कार्ल सोळावे गुस्ताफ आले होते, दूरचित्रवाणीवर तासन्‌तास थेट प्रक्षेपण चालू होते आणि रस्त्याच्या कडेला लोक घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या मांडून कॉफी पीत होते. शाळा नुकत्याच सुरू होत होत्या, रजा संपल्या होत्या, आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत अख्खे गाव एकाच रस्त्यावर उभे होते, ही गोष्ट किरुनात वारंवार घडत नाही.

चर्च नव्या जागी पोहोचल्यानंतर साधारण आठवडाभराने कंपनीने जमीन कुठवर खचेल याचा नवा अंदाज जाहीर केला. त्यानुसार आणखी सुमारे २,७०० घरे आणि ६,००० माणसे पुढील दहा वर्षांत हलवावी लागतील. यांतील बऱ्याच जणांनी आपली वस्ती सुरक्षित समजून घरे रंगवली होती, स्वयंपाकघरे नवी केली होती. आता बँकेकडे कर्ज मागावे की थांबावे, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, झोपडी विकून पैसा हाती ठेवावा का, अशा प्रश्नांवर घरोघरी बोलणे सुरू आहे. नगरपालिकेपुढचा प्रश्न जागेचा आहे. किरुना हे क्षेत्रफळाने स्वीडनमधील सर्वांत मोठे नगरपालिका क्षेत्र आहे, सुमारे २० हजार चौरस किलोमीटरचे. परंतु त्यातील फार मोठा भाग राज्याच्या मालकीचा, संरक्षित निसर्गाचा किंवा रेनडियरच्या चराईचा आहे. सहा हजार माणसांसाठी पुढची जमीन कोणाकडून घ्यायची, याची बोलणी नगरपालिका, कंपनी आणि सरकार यांच्यात व्हायची आहेत आणि ती लांबली तर बांधकामाचा आणखी एक उन्हाळा हातचा जाईल.