उपवासातली मूठ

(नाशिकरोड इथे उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांतल्या एका शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेनंतर, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेनंतर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आदरणीय फादर, सिस्टर आणि बंधुभगिनींनो,

क्रूसाची वाट संपल्यावर एवढी मंडळी थांबलात, त्यातले बरेच जण उपाशीपोटी थांबलात, त्याबद्दल आधी आभार मानते. मला दिलेला विषय आहे ‘उपवासकाळ आणि विश्वासातली वाढ’. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्हींवर बोलायचं मी फादरांना कबूल केलं आहे आणि बोलणारही आहे. पण एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे, तो आधी तुमच्यापुढे ठेवते. उपवासात आपण जे खात नाही, त्याचं पुढे काय होतं?

धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी मला दुसरेच प्रश्न येतात. टीचर, शुक्रवारी अंडं चालतं का? मासळी चालते का? रस्सा घेतला आणि फोडी बाजूला ठेवल्या तर? हसू नका, हा शेवटचा प्रश्न मोठ्या माणसाने विचारला होता. उत्तरं देऊन टाकते, म्हणजे तो विषय मिटेल. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी नियम नव्याने घालून दिले; 1983 च्या धर्मसंहितेने त्यातलं उपवासाचं वय 21 वरून 18 वर आणलं. मांस वर्ज्य, अंडी आणि दूधदुभतं वर्ज्य नाही, मासळीही चालते. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, हा 18 पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. आजारी माणसाला सक्ती नाही. आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. त्यातले 6 रविवार वजा केले की 40 उरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत.

झाले नियम. आता माझी तक्रार ऐका. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून उपवासकाळाचा मेनू ठरायला लागला आहे. शुक्रवारी चिकन बंद, म्हणून मुंबईहून आलेली सुरमई. सुरमईचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, चिकनचाही ठाऊक आहे. पनीर टिक्का, मशरूम, वर आइस्क्रीम. मागे एका शुक्रवारी एका घरी जेवायला बोलावलं होतं; यजमानीण कौतुकाने म्हणाली, टीचर, आज सगळं उपवासाचं केलंय. टेबलावर अकरा वाट्या होत्या. शेजारच्या काकूंना आपण ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून चिडवतो, पण त्या माउली आषाढीला शेंगदाण्याच्या लाडवावर आणि पाण्यावर दिवस काढतात, मी पाहिलं आहे. यंदा महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजानचा पहिला रोजा एकाच आठवड्यात आले. सगळं नाशिक उपाशी होतं म्हणा ना! अशा शहरात आपण आपल्या उपवासाबद्दल गंभीर असायला हवं.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची गावं नगरकडची आहेत. 1987 ला नाशिक धर्मप्रांत झाला तेव्हा नगर जिल्हाही त्यात आला, आणि त्याआधीपासूनच आपली माणसं कामाधंद्यासाठी इकडे येत होती. त्यामुळे 72 चा दुष्काळ काय होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर मिलो यायचा, म्हणजे लाल बारीक दाण्याची परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, ती आम्ही कागदात बांधून पुरवून खायचो.

1973 चा उपवासकाळ आला. आजी दर शुक्रवारी संध्याकाळची भाकरी खायची नाही. आणि दळायला मिलो काढला की त्यातली एक मूठ आधी वेगळी काढायची आणि चुलीमागच्या गाडग्यात टाकायची. गाडगं काळं पडलेलं, तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मूठही कशी, तर बोटं सैल सोडून भरलेली नाही. दाबून भरायची, वरून दाणे सांडले तर ते वेचून पुन्हा गाडग्यातच. माझ्या वडिलांना ते बघवेना. ते म्हणाले, “आई, पोरांचंच पोट भरंना, हे कशाला?” आजी जात्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “ते उपासाचं हाये. आपलं न्हाई ते.”

हे वाक्य मी त्या वयात ऐकलं आणि पुढे शिकल्यासवरल्यावर मला ते दुसऱ्या शतकात सापडलं. रोममध्ये हर्मास नावाचा एक ख्रिस्ती होऊन गेला. त्याच्या लिखाणात उपवास कसा करावा ते सांगितलं आहे: त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे, एरवी जे जेवला असतास त्याची किंमत काढ, आणि तेवढी रक्कम विधवेला, पोरक्याला, गरजवंताला दे. किंमत काढ, म्हणजे चक्क हिशोब कर! माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. हर्मास तिला कोणी वाचून दाखवला असेल, असं मला वाटत नाही. पण गावच्या चर्चमध्ये मास्तर जे शिकवायचे, त्यातून तिच्या हाताला हे कळलं होतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात आजीने ते गाडगं पदराखाली घेतलं आणि दिवेलागण झाल्यावर मला बरोबर नेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा बाई राहायची. ती आपल्या धर्माची नव्हती. दिवसा का नाही गेलो, असं मी विचारलं तर आजी म्हणाली, तिला लाज वाटंल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, दान करताना तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. आजीने अंधार बघून वेळ निवडली होती. दाणे ओतून लगेच निघू असं मला वाटलं, पण ती बसली. खूप वेळ बसली. बाईचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला होता आणि त्याचं पत्र यायचं थांबलं होतं. त्या रात्री घरी आल्यावर रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, आजीने त्या मुलाचं नाव घेतलं. पुढे रोज घेतलं. तिच्या प्रार्थनेत तोवर आमचीच नावं असायची.

फादर घड्याळाकडे बघताहेत, मला दिसतंय. पाच मिनिटं द्या, मुख्य विषय राहिलाय.

विश्वासातली वाढ. पाचव्या शतकात इटलीतल्या रावेन्नाचे बिशप संत पीटर क्रिसोलोगस यांनी सांगितलं की प्रार्थना, उपवास आणि दया ही तिन्ही एकमेकांच्या जिवावर जगतात. ज्याच्याकडे यातलं एकच आहे, त्याच्याकडे काहीच नाही. आजीच्या बाबतीत मी ते घडताना पाहिलं. उपवासाने मूठ वाचवली, मुठीने तिला त्या उंबऱ्यापर्यंत नेलं, उंबऱ्यावरून ती नवी प्रार्थना घेऊन आली. माझं म्हणणं एवढंच आहे: वाचलेलं कोणाच्या तरी हातात गेलं नाही, तर उपवास आपल्या स्वयंपाकघरातच थांबतो.

दुसरं, बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय 58. घरी जाऊन वाचा, आज वेळ नाही. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास केला, तू का पाहिला नाहीस? देव म्हणतो, उपवासाच्या दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. सध्या द्राक्षांचा हंगाम आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांमधून पालं ठोकून राहताहेत. आपल्यातही बागायतदार आहेत, ठेकेदार आहेत. आणि धुण्याभांड्याला बाई तर बहुतेकांकडे आहे. तिचा पगार वेळेवर देणं, गुड फ्रायडेला तिलाही सुट्टी देणं, हेही उपवासातच मोडतं.

तिसरं, प्रार्थना. परवाच्या रविवारी शोमरोनी स्त्रीचं शुभवर्तमान आहे. प्रभू विहिरीवर दमून बसला आहे आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. आधी मागतो, मग देतो. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला येण्याआधी योहानाचा चौथा अध्याय घरात एकदा मोठ्याने वाचा, मुलांना वाचू द्या.

आता कामाचं. दाराशी सिस्टरांनी रिकामी पाकिटं ठेवली आहेत. आज रात्री तुमच्या घरात जे शिजलं नाही त्याची किंमत काढा आणि तेवढीच रक्कम पाकिटात घाला. राउंड फिगर करू नका. पाकीट चर्चमध्ये आणून देऊ नका. पाकिटावर आधी एका माणसाचं नाव लिहा, जो तुम्हाला माहीत आहे आणि ज्याच्याकडे तुम्ही कधी बसला नाहीत. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या आत त्याच्याकडे जा, लेकरांना बरोबर न्या, आणि चहा विचारला तर घ्या. ज्यांना असं एकही नाव सुचत नसेल, त्यांनी आता बाहेर माझ्याशी बोला, मी थांबले आहे.