भोक मोजायचं कसं?

समोर एक घन आहे. शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६. शिरोबिंदूंमधून कडा वजा करा, पृष्ठे मिळवा: ८ − १२ + ६, उत्तर २. चौकोनी पायाच्या पिरॅमिडला ५ − ८ + ५, पुन्हा २. घन रबराचा समजून चेंडूसारखा फुगवला, तरी ही संख्या हलत नाही. हिला ऑयलर संख्या म्हणतात.

आता ही चौकोनी फोटोफ्रेम, मधे आरपार भोक. शिरोबिंदू १६, कडा २४. पृष्ठे १०: पुढचं एक, मागचं एक, बाहेरची चार, आतली चार. १६ − २४ + १०, उत्तर पुन्हा २! मग भोक गेलं कुठे?

गफलत हमखास इथेच होते. पुढचं पृष्ठ निरखून पाहा, त्यालाच भोक आहे. सूत्राला प्रत्येक पृष्ठ चकतीसारखं अखंड लागतं, बांगडीसारखं पोकळ चालत नाही. म्हणून फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत तिरक्या रेघा मारू, सुतार सांधा जोडतो तशा. पुढे ४ कडा वाढल्या, मागे ४, झाल्या ३२. पुढच्या एका पृष्ठाची चार झाली, मागच्याचीही, एकूण १६. १६ − ३२ + १६, शून्य. भोक सापडलं, नुसत्या मोजणीतून. आकाराचा प्रश्न असा बीजगणितात नेणं हेच अल्जेब्राइक टोपॉलॉजीचं काम, आणि त्यातलं खरं सौंदर्यही.

पण एक संख्या पुरत नाही. क्लाइन बाटली म्हणजे नळीची दोन टोकं, एकाची दिशा उलटवून, जोडल्यावर होणारं पृष्ठ. तिला आत-बाहेर हा भेदच नाही, तरी तिचंही उत्तर शून्यच. मग फ्रेम आणि बाटली वेगळी कशी ओळखायची?

फ्रेंच गणिती आन्री प्वांकारे यांनी १८९५ मध्ये वाट दाखवली: पृष्ठावर दोऱ्याचा वळसा घाला आणि निघाल्या बिंदूशी परत या. चेंडूवरचा कोणताही वळसा आवळत नेला की बिंदूत मिटतो. फ्रेमवर भोकाभोवतीचा वळसा ‘अ’ अडकतो, पट्टीला गुंडाळलेला ‘ब’सुद्धा. मात्र आधी अ मग ब, की आधी ब मग अ, याने फरक पडत नाही. दोरा न तोडता, पृष्ठावरून न उचलता, नुसता सरकवून एकाचा दुसरा करता येतो.

बाटलीवर तसं होत नाही. तिथे नळीभोवतीच्या ब ला नळीच्या लांबीने जाणाऱ्या अ च्या वाटेने फिरवून आणलं, की तो उलट्या दिशेने परततो. क्रम बदलला की वळसाच बदलतो. वळशाला वळसा जोडण्याच्या या नियमांतून जी रचना उभी राहते, ती मूलभूत गट.

मोठ्या आकारांचा हा गट हाताळणं फार जड जातं. मग क्रमाकडे दुर्लक्ष करून होमॉलॉजी काढतात. त्यात बाटलीवरचा ब आणि उलटा ब एकच ठरतात, म्हणजे ब दोनदा घेतला की शून्य. फ्रेमवर तो कितीही वेळा घ्या, शून्य होत नाही.