एका डॉटमागे किती क्वेरी?

नमस्कार मंडळी. ओआरएम, म्हणजे डेटाबेसमधली टेबलं कोडमधल्या ऑब्जेक्टसारखी वापरू देणारं साधन. त्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आता एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, शिकायची गरजच काय? दुसरा म्हणतो, ॲप संथ चालतंय ना, मग ते ओआरएम काढून टाका. मी ओआरएम रोज वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोड ओआरएममध्ये लिहिला तरी डेटाबेसला काय विचारायचं ते आपणच ठरवलं पाहिजे. ते कधी विचारलं जातं आणि किती वेळा, हेही आपल्याला ठाऊक पाहिजे.

उदाहरणं मी जँगोतली घेतो, म्हणजे वेबसाइट बांधायच्या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कमधली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या वृत्तपत्राच्या वेब विभागात जँगो तयार झालं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारीत मुदत पाळावी लागते, पान झटपट उभं राहावं लागतं. ती निकड त्याच्या ओआरएममध्ये अजून दिसते: क्लास लिहिला की टेबल तयार, ऑब्जेक्ट हातात आला की टेबलातली एक रो, म्हणजे एक ओळ, हातात आली. इतर ओआरएमही आहेत: जावावाल्यांचं हायबरनेट २००१ चं, रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड २००४ चं, पायथनचंच एसक्यूएल-अल्केमी २००६ चं. स्वभाव वेगवेगळे असले तरी मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

समजा, एका वाचनालयाचं ॲप आहे. पुस्तक, प्रकाशक, लेखक अशी टेबलं. पुस्तकाला प्रकाशक एक, लेखक एकाहून जास्त असू शकतात. पानावर ५० पुस्तकं आणि प्रत्येकापुढे प्रकाशकाचं नाव दाखवायचं आहे. आपण पुस्तकांचा क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा (क्वेरीचा) जँगोतला ऑब्जेक्ट, घेतो, पहिली ५० कापून घेतो, लूप लावतो आणि आत लिहितो: पुस्तक डॉट प्रकाशक डॉट नाव. वाचायला इतकं सरळ, की रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवणार नाही.

आता डेटाबेसकडे काय गेलं ते पाहू. डीबग चालू असेल तर जँगो प्रत्येक कनेक्शनवरच्या क्वेऱ्यांची यादी ठेवतं. ती छापून बघा. पहिली ओळ पुस्तकांची, लिमिट ५०. त्यानंतर प्रकाशक टेबलावर एकाच साच्याच्या ५० ओळी. सगळं तेच, फक्त शेवटचा आयडी बदलतो. कधीकधी तोही बदलत नाही, कारण लागोपाठची दोन पुस्तकं एकाच प्रकाशकाची निघतात आणि तोच प्रकाशक पुन्हा आणला जातो. एकूण ५१ क्वेऱ्या. यादीची एक आणि यादीतल्या प्रत्येक पुस्तकाची एक, म्हणून याला एन प्लस वन म्हणतात.

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पाच पुस्तकं असतात, डेटाबेसही तिथेच असतो, म्हणून काहीच जाणवत नाही. एकाच डेटा सेंटरमध्ये एका फेरीला एक मिलिसेकंद लागला, तरी ५१ मिलिसेकंदांची तक्रार कोण करणार? पण ॲप मुंबईत आणि डेटाबेस व्हर्जिनियात असेल, तर एक फेरी दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास जाते. ५१ फेऱ्यांचे दहा सेकंद झाले. गंमत अशी, की यातली एकही क्वेरी संथ नाही. स्लो क्वेरी लॉग उघडा, त्यात एक ओळ सापडणार नाही. इंडेक्स लावा, मोठा सर्व्हर घ्या, तरी वेळ तेवढाच लागणार, कारण तो जातोय येण्याजाण्यात.

हाताने एसक्यूएल लिहिणारा माणूस हे कधीच करणार नाही. तो दोन टेबलं जॉइन करेल, म्हणजे एकाच क्वेरीत जोडेल, आणि मोकळा होईल. मग ओआरएम वापरणारा तोच हुशार माणूस ५१ वेळा का जातो? याचं उत्तर मला डेटाबेसच्या इतिहासात सापडतं आणि तो भाग मला फार आवडतो.

१९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी आयडीएस नावाची प्रणाली बांधली. त्यात एका रेकॉर्डवर उभं राहायचं, पॉइंटर धरून पुढच्या रेकॉर्डवर जायचं, तिथून त्याच्या मालकाकडे. १९७३ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नॅव्हिगेटरच म्हटलं. तिकडे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी १९७० मध्येच उलट मांडणी केली होती. रेकॉर्डमागून रेकॉर्ड हिंडू नका, तुम्हाला कोणता संच हवा ते सांगा, वाट शोधणं यंत्राचं काम. १९७४ मध्ये ॲन आर्बरला दोघांच्या बाजूंचा जाहीर वादही झाला. पुढे बाजी कॉड यांच्या बाजूने गेली. त्याच वर्षी चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडलेल्या सीक्वेलमधून आजचं एसक्यूएल आलं.

आता पुन्हा आपल्या लूपकडे बघा. पुस्तकावर उभे राहिलो, डॉट देऊन प्रकाशकाकडे गेलो, परत आलो, पुढचं पुस्तक. ही बॅकमन यांची वाट आहे. कॉड यांच्या पद्धतीने बांधलेल्या डेटाबेसवर आपण बॅकमन यांच्या पद्धतीने हिंडतोय, तेही प्रत्येक पावलाला नेटवर्क ओलांडून. आयडीएसमध्ये प्रोग्रॅमरला निदान आपण हिंडतोय याची जाणीव होती. ओआरएममध्ये ते हिंडणं एका डॉटमध्ये लपतं. डॉट दिसायला ॲट्रिब्यूट, पण त्यामागे क्वेरी.

टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, तर तो आणखी लपतो, कारण तिथे लिहिणारा माणूस अनेकदा दुसराच असतो. मला सर्वात जास्त वेळा भेटलेली जागा मात्र वेगळी आहे: मॉडेलची, म्हणजे टेबलासाठी लिहिलेल्या क्लासची, एसटीआर मेथड, जी ऑब्जेक्ट छापताना काय दिसावं ते ठरवते. कुणीतरी तिच्यात पुस्तकाच्या नावापुढे प्रकाशकाचंही नाव जोडतं, वाचायला बरं म्हणून. मग ॲडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत, पुस्तक निवडायचा ड्रॉपडाउन असलेला फॉर्म उघडला, की जितकी पुस्तकं तितक्या क्वेऱ्या. त्या फॉर्मच्या कोडमध्ये कितीही शोधा, प्रकाशकाचं नावही दिसणार नाही.

उपाय ओआरएममध्येच आहेत. संबंध एकाचा असेल, म्हणजे पुस्तकाला एक प्रकाशक, तिथे सिलेक्ट रिलेटेड. जँगो जॉइन करतं आणि ५१ ची एक क्वेरी होते. संबंध अनेकांचा असेल, म्हणजे पुस्तकाचे लेखक, तिथे प्रीफेच रिलेटेड. त्यात दुसरी एक क्वेरी जाते, ५० पुस्तकांचे आयडी एकत्र देऊन सगळे लेखक एकदम येतात आणि पायथनमध्ये ज्याचे त्याला वाटले जातात. एकूण दोन. पुस्तकं ५० ऐवजी ५०० झाली तरी दोनच. इथे एक खोच आहे. प्रीफेच केलेल्या लेखकांवर लूपमध्ये पुन्हा फिल्टर लावला, तर आणलेलं सगळं बाजूला राहतं आणि दर पुस्तकाला नवी क्वेरी जाते. गाळणी प्रीफेच करतानाच लावायची, त्यासाठी प्रीफेच नावाचा ऑब्जेक्ट आहे.

क्वेरीसेट आळशी असतो हेही लक्षात ठेवा. फिल्टर, एक्सक्लूड, ऑर्डर बाय कितीही जोडा, डेटाबेसला काही कळत नाही. लूप लावला, लिस्ट केली, लेन विचारला, किंवा इफमध्ये टाकला, की क्वेरी जाते. 'यात काही आहे का' एवढंच विचारायला इफमध्ये टाकलात, तर सगळ्या रो येतात. एक्झिस्ट्स वापरलं तर एकीवर भागतं. मात्र पुढे त्याच रो वापरायच्याच असतील तर इफ बरोबर आहे, कारण आणलेलं क्वेरीसेटमध्ये साठून राहतं. म्हणून मी आंधळे नियम पाठ करायला सांगत नाही.

आतापर्यंत वेळेचं बोललो. मला जास्त धास्ती वाटते ती चुकीच्या आकड्यांची. प्रत्येक पुस्तकाचे लेखक किती आणि परीक्षणं किती, हे एका यादीत हवं आहे. आपण ॲनोटेटमध्ये, म्हणजे प्रत्येक रोला मोजलेला आकडा जोडणाऱ्या सोयीत, दोन काउंट लिहितो. एका पुस्तकाला ३ लेखक आणि ४ परीक्षणं आहेत. पानावर येतं: लेखक १२, परीक्षणं १२. पान झपकन उघडतं, एरर नाही, आणि आकडा साफ चुकलेला. एसक्यूएल छापून पाहिलं की कारण उघड दिसतं. दोन्ही टेबलं एकाच पुस्तकाला जॉइन झाली, तीन गुणिले चार बारा रो झाल्या आणि काउंटने इमानाने त्या मोजल्या. काउंटला डिस्टिंक्ट, म्हणजे 'तेच तेच एकदाच मोज', लावलं की सुटतं. पण काउंटच्या जागी दंडाच्या रकमेची बेरीज असती तर डिस्टिंक्टने नवी चूक झाली असती, कारण एकाच पुस्तकावरचे दहा-दहा रुपयांचे दोन दंड एकच मोजले गेले असते. तिथे सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत वेगळी क्वेरी, लिहावी लागते. हे ज्याला जॉइननंतर रो कशा वाढतात ते माहीत आहे त्यालाच दिसणार. म्हणून मी नव्या मुलांना आग्रहाने सांगतो, की एसक्यूएल आधी शिका. ओआरएम त्यामानाने लवकर येतं.

दुसरी तशीच जागा म्हणजे शिल्लक प्रती. वाचकाने पुस्तक मागितलं, आपण ऑब्जेक्ट आणला, प्रतींतून एक वजा केला, सेव्ह केलं. शेवटची एकच प्रत उरली असताना दोन वाचक एकाच क्षणी आले तर दोघांच्या कोडला १ दिसतो, दोघंही ० लिहितात आणि एकच पुस्तक दोघांच्या नावे लागतं. इथेही तोच घोळ आहे: ऑब्जेक्ट हातात घेऊन विचार केला. त्याऐवजी डेटाबेसलाच सांगायचं, की हे पुस्तक, ज्याच्या प्रती शून्याहून जास्त आहेत, त्याच्या प्रती एकने कमी कर. जँगोत फिल्टर, अपडेट आणि एफ एक्स्प्रेशन (डेटाबेसमधल्या मूल्यावरच हिशेब करायला सांगणारं) मिळून ही एक क्वेरी होते आणि किती रोंना लागू पडलं ते अपडेट परत देतं. पहिल्या वाचकाला १ मिळतो, दुसऱ्याला ०. पुस्तक कुणाला मिळालं ते त्या आकड्यावरून ठरतं. एक ध्यानात घ्या, अशा अपडेटने मॉडेलची सेव्ह मेथड चालत नाही. तिच्यात काही महत्त्वाचं लिहून ठेवलं असेल तर ते राहून जाईल.

मगाशी कुणीतरी विचारलं, की थेट एसक्यूएल कधी लिहावं. ओआरएममध्ये ओढूनताणून बसवलेली क्वेरी वाचणाऱ्याला कळेनाशी झाली, की लिहावं. विषयांत उपविषय, त्यात पुन्हा उपविषय, अशी खोली माहीत नसलेली उतरंड एका दमात आणायला स्वतःलाच पुन्हा वापरणारी रिकर्सिव्ह क्वेरी लागते. एसक्यूएल-अल्केमीत ती ओआरएममधूनच लिहिता येते, जँगोत मी सरळ एसक्यूएल लिहितो. फक्त वापरणाऱ्याने टाइप केलेलं मूल्य स्ट्रिंगमध्ये चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवा, नाहीतर त्यातून कुणी स्वतःचं एसक्यूएल घुसवून हल्ला करू शकतं. गोव्यातलं वाचनालय असेल तर कुणी हल्ला करायची वाटसुद्धा पाहावी लागणार नाही. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते आणि चिकटवलेली क्वेरी तिथेच मोडते. ओआरएम हे पॅरामीटरचं काम आपण न सांगता करतं, आणि त्याचा हा उपकार मी फार मोठा मानतो.

शेवटी टीममध्ये लगेच लावता येईल अशी एक गोष्ट सांगतो. जँगोत असर्ट नम क्वेरीज नावाची सोय आहे, टेस्टमध्ये किती क्वेऱ्या गेल्या ते ती तपासते. यादीच्या प्रत्येक पानाची टेस्ट दोनदा चालवा, एकदा २ पुस्तकं घालून आणि एकदा २० घालून. क्वेऱ्यांचा आकडा दोन्ही वेळा सारखाच यायला हवा. उद्या कुणी टेम्पलेटमध्ये नवा डॉट टाकला तर वीस पुस्तकांची टेस्ट पडेल. रिव्ह्यू करणाऱ्याला मग क्वेऱ्यांच्या यादीतून त्या डॉटपर्यंत पोचता येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.