‘दोतोर, चलूं खंय?’

मंडळी, कार्यकर्ते बोलवायला आले तेव्हा विषय होता ‘मधुमेह आणि आहार’. मी म्हटलं, शीत-हुमण, म्हणजे भात-कालवण, किती खायचं हे ऐकून तुम्ही कंटाळला असाल. आज रस्त्याबद्दल बोलतो.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवरचे, पण हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. कंडक्टर दिवसभर जिना चढे-उतरे, ड्रायव्हर बसून. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर तरुण ड्रायव्हरांचाही कमरेचा घेर मोठा निघाला. तेव्हा सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण पोस्टातही तेच दिसलं. टपाल वाटणाऱ्यांची हृदयं टेबलापाशी बसणाऱ्यांपेक्षा बरी.

आता आपल्याकडे या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये आला. देशात मधुमेही प्रौढ ११.४ टक्के, गोव्यात २६.४. सगळ्या राज्यांत पहिला नंबर! चारांतला एक. या सभागृहात मोजायला सांगत नाही. कारणं अनेक आहेत, खाणं आहे, अनुवंश आहे. मी त्यातलं एकच उचललंय.

मी चिठ्ठीवर लिहितो, रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, ती त्यात भरून निघतात. एकदा एका म्हातारीने ती चिठ्ठी माझ्यापुढे परत ठेवली. ‘दोतोर, चलूं खंय?’ म्हणजे, चालू कुठे? तिच्या दारातला रस्ता रुंद झालेला, गटारं उघडी, टिप्पर अंगाला घासून जाणारे. मला उत्तर सुचलं नाही. मी गोळी वाढवली.

तिच्या लहानपणी शाळा, देऊळ, तिंटो म्हणजे बाजार, सगळं वाड्यावरून पायी. बांधावरून गेलं की झालं. संध्याकाळी सोप्यावर बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई, तेही औषधच. आता घरं शेतापलीकडच्या कॉलनीत आणि दुकानं हमरस्त्याला. दुधाच्या पिशवीलाही स्कूटर काढावी लागते. पाव विकणारा पोदेरसुद्धा कित्येक गावांत सायकल सोडून स्कूटरवर आलाय. याला आळस म्हणू नका. अंधार पडल्यावर आतल्या गावात बस मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून नोकरी लागली की पोर आधी गाडी घेतं. बसने जाणारा माणूस निदान स्टॉपपर्यंत चालतो, न ठरवता. मिनीबसमध्ये ‘फुडें वच, फुडें वच’ (पुढे सरका) ऐकत चेंगरणं मात्र मी व्यायामात धरत नाही हां.

आणि ग्रामसभेत रस्ता रुंद करा म्हणून हात वर करणारे आपणच. सरळ, रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. माणसं आणि वाहनं जिथे मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका, असं रस्ता-सुरक्षेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे. त्या वेगाने धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. आपल्या शाळेसमोरून ३० ने जातो तो फक्त शिगम्याच्या (आपल्या शिमग्याच्या) मिरवणुकीतला चित्ररथ.

मागच्या महिन्यात ती म्हातारी परत आली. हल्ली चालता का, विचारलं. म्हणाली, देवळात प्रदक्षिणा घालते. तिथे गटार नाही, टिप्पर नाही. देवळापर्यंत मात्र तिला मुलगा स्कूटरवरून सोडतो.