रेघ आणि पट्टी

मंडळी, विषय जरा जड आहे, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो. २००५ च्या महापुरानंतर कोल्हापुरात कितीतरी घरादुकानांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली. काहींनी ती रंग मारून पक्की केली. बघता बघता तिचा नियम झाला: पाणी आलंच तर इथवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची ३९ फुटांची पातळी गेली, धोक्याची ४३ फुटांचीही गेली. तरी लोक म्हणत होते, ‘दोन हजार पाचला आलं न्हवतं, आता कुठलं येतंय?’ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रेघेच्या हातभर वर ठेवलेलं सामानसुद्धा भिजलं.

हा काही अडाणीपणा नव्हता. नवखा भाडेकरू घाबरून बिचारा आधीच निघाला असेल. अडून बसतो तो पूर पाहिलेला माणूस. रेघही खोटी नव्हती, फक्त ती चौदा वर्षांपूर्वीच्या पाण्याची होती. बंधाऱ्यावरची पट्टी आजचं पाणी सांगते. मग माणूस पट्टी सोडून रेघेकडे का बघतो? कारण रेघ त्याच्या मालकीची असते. पट्टीपुढे तो कुणीच नाही. रेघेपुढे मात्र तो जाणता, चार लोकांनी विचारावं असा. दारात बोट आली तरी ‘मी म्हणेन तेव्हा उतरेन’ म्हणणारा हा जो आतला कारभारी, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

हा भलता चिवट. ३ ऑगस्ट १९२९ ला तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी हॉलंडमध्ये ओमेनला ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही त्यांच्याच भोवती उभी राहिलेली संघटना मोडून टाकली. सत्याकडे जायला ठरलेली वाट नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी काय केलं? ‘वाट नाही’ हेच पाठ केलं!

मग नियम सोडून द्यायचे का? आपल्या तालमीत जाऊन बघा. आखाडा उकरणं, जोर, बैठका, वर्षानुवर्षं तेच. पण खडाखडी, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेणं, सुरू झाली की जो ‘आता ढाकच मारायची’ असा एकच डाव ठरवून बसलाय, त्याचा हात समोरच्याच्या मानेवर असतो आणि लक्ष स्वतःच्या ढाकेवर. समोरच्यानं वजन कुठल्या पायावर घेतलंय हे त्या हाताला लागत असतं, याला मात्र कळत नाही. तेवढ्यात समोरचा वाकून त्याचा पायच धरतो, पट निघतो. काढणाराही तितकाच शिकलेला. पण डाव त्याच्या अंगात मुरलाय, म्हणून डोकं समोर बघायला मोकळं आहे. शिकलेलं विसरा असं मी म्हणतच नाही. पण ते अंगात मुरवणं वेगळं आणि मुठीत धरून बसणं वेगळं.

एक चिठ्ठी आलीय: ‘हा कारभारी घालवायचा कसा? रोज किती वेळ ध्यानाला बसायचं?’

ही चिठ्ठी त्यानंच लिहिलेली दिसतेय. स्वतःला हाकलून द्यायचं वेळापत्रकसुद्धा त्याला स्वतःच आखायचंय. पुढची घेऊ.